निराधार कोण? एकट्या माता आणि सरकारी अनुदान

(महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या स्त्रीला मुले आहेत, कमाई तुटपुंजी आहे आणि जिच्या घरात नवरा नाही, तिला सरकार काय देते, कोणत्या अटींवर देते आणि त्यातले तिच्या हाती कितपत पडते, एवढाच आजचा विषय आहे. विषय रुक्ष आहे. त्यात दाखले आहेत, उत्पन्नाच्या मर्यादा आहेत, रकमा आहेत. परंतु कामगारवस्तीतील किंवा खेड्यातील बाई आपल्या शाखेच्या कचेरीत प्रथम येते ती बहुधा याच कामासाठी. तिला आपण "तहसील कचेरीत चौकशी करा" एवढेच सांगून वाटेला लावत असू, तर स्त्रीमुक्तीविषयीचे आपले ठराव तिच्या दृष्टीने नुसते कागद होत.

पक्षाच्या दस्तऐवजांचा अनुवाद करणे हे माझे काम असल्यामुळे शब्दांपाशी अडखळण्याची मला सवय आहे. इंग्रजी मसुद्यात 'सिंगल मदर' आले की मराठीत काय लिहावे? 'एकल माता' हा अलीकडचा शब्द आहे आणि तो बरा आहे. पण वस्तीत तो कोणी बोलत नाही. तेथे विधवा असते, सोडचिठ्ठी झालेली असते, टाकलेली असते. पुष्कळदा नुसतेच "माहेरी असते" असे म्हणून विषय संपवतात. सरकारी कागदावर मात्र या सर्वांना मिळून एक शब्द आहे : 'निराधार'. दोन मुले आणि एखादी म्हातारी आई जिच्या मजुरीवर जगतात, तिला निराधार म्हणायचे! त्या घरात कोणाचा आधार असेलच तर तो तिचाच आहे. हा शब्द निरुपद्रवी नाही. निराधार म्हटले की साहाय्य हे दयेचे काम ठरते आणि दया करणारा आपल्या मर्जीप्रमाणे अटी घालतो. त्या अटी कोणत्या, ते आता पाहू.

प्रथम केंद्र सरकार. राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व अशा अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या अधिकाराची तरतूद राज्याने करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते प्रत्यक्षात आणण्याच्या नावाखाली १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात विधवांसाठी निवृत्तिवेतन यायला २००९ साल उजाडले. आज त्याची अट अशी आहे की स्त्री दारिद्र्यरेषेखालील असावी आणि तिचे वय ४० ते ७९ असावे. रक्कम दरमहा ३०० रुपये. हा दर ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरला आणि २०२५ साल संपले तरी त्यात एका रुपयाची वाढ झालेली नव्हती. दिवसाला दहा रुपये पडतात. या तेरा वर्षांत डाळीचे, तेलाचे आणि एस. टी. च्या तिकिटाचे काय झाले ते येथे बसलेल्यांना सांगायला नको.

पण रकमेपेक्षाही वयाच्या अटीकडे नीट पाहा. विसाव्या वर्षापर्यंत लग्न, पंचविशीच्या आत दोन मुले, ही श्रमिक स्त्रीची सर्वसाधारण वाटचाल आहे. तिचा नवरा तिच्या २६व्या वर्षी गेला तर केंद्राचे निवृत्तिवेतन मिळायला तिला १४ वर्षे थांबावे लागते. तोपर्यंत थोरला मुलगा शाळा सोडून कामाला लागलेला असतो आणि मुलीचे लग्न उरकलेले असते. म्हणजे मुले लहान असतात, खर्च सर्वांत जास्त असतो आणि बाईला घराबाहेर पडणे सर्वांत कठीण असते, नेमका तोच काळ या योजनेने वगळला आहे. ती विधवेला ओळखते, मातेला ओळखत नाही. त्यात आणखी एक मेख आहे. दारिद्र्यरेषेची यादी अनेक ठिकाणी २००२ च्या सर्वेक्षणावर आधारलेली आहे. आज जी तरुण विधवा आहे ती तेव्हा परकर-पोलक्यातली मुलगी होती. तिचे नाव असलेच तर बापाच्या कुटुंबात असणार.

कमावता माणूस १८ ते ५९ या वयात वारला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात, ही याच कार्यक्रमातील दुसरी योजना. तिच्याबद्दल फार बोलत नाही. ती आहे, एवढे लक्षात ठेवावे आणि मृत्यूचा दाखला हाती येताच अर्ज करावा.

आणि टाकलेली बाई? केंद्राच्या या कार्यक्रमात तिच्यासाठी रकानाच नाही. नवरा मेला असेल तर ती आहे. जिवंत असून त्याने दुसरे बिऱ्हाड थाटले असेल तर ती नाही. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंदलेल्यांपेक्षा विभक्त म्हणून नोंदलेल्यांची संख्या दुपटीहून अधिक होती. याचा अर्थ उघड आहे. आपल्या देशात विवाह न्यायालयात मोडण्यापूर्वीच मोडतो, कागदाशिवाय मोडतो. मोडणारा बहुधा पुरुष असतो आणि कागद आणायला सांगतात ते स्त्रीला.

महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. नाव बाजूला ठेवले तर व्याप्तीच्या बाबतीत ती केंद्राच्या योजनेपेक्षा पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. तीत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी आणि वेश्याव्यवसायातून मुक्त झालेली स्त्री यांचा समावेश आहे. रक्कम अनेक वर्षे ६०० रुपये होती, २०१९ मध्ये ती १,००० झाली आणि जुलै २०२३ पासून १,५००. यातील प्रत्येक वाढीमागे तहसील कचेऱ्यांवरचे मोर्चे आहेत. ज्या विधवेला केंद्राचे ३०० मिळतात तिला राज्य वरचे १,२०० देते.

आता या योजनेची उत्पन्नाची अट पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. गुणाकार करा. जी बाई वर्षाला ६८ दिवस सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने राबेल ती २१,२१६ रुपये मिळवील आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावर अपात्र ठरेल! मग तिला खोटा दाखला घ्यावा लागतो. तो देणारा तिच्यावर उपकार करतो आणि पुढे पाच वर्षे निवडणुकीत त्या उपकाराची आठवण करून देतो. अट पाळता येणार नाही अशी ठेवली की अनुदान हे कायद्याने मिळत नाही, पुढाऱ्याच्या कृपेने मिळते. खेड्यातील सत्तासंबंध टिकवण्याचा याहून स्वस्त मार्ग शोधून सापडणार नाही.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट याहून वाईट आहे. तेथे मजुरीचा हिशोब 'कोयता' या मापाने होतो आणि कोयता म्हणजे जोडपे. एकट्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा गेला किंवा त्याने टाकले की बाई मजूर म्हणूनही अर्धी होते. ती कोणा भावाबरोबर, कोणा नातेवाइकाबरोबर जोडी लावून जाते आणि तिच्या कामाचे पैसे त्याच्या हातात पडतात. हंगामात ती चार-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असते. तेवढ्यात गावी हयातीच्या दाखल्याची मुदत येऊन गेली तर अनुदान बंद. रेशनकार्ड आता देशभर चालते, असे सांगतात. निवृत्तिवेतन मात्र राज्याच्या वेशीपाशीच थांबते. महाराष्ट्राच्या योजनेला १५ वर्षांचा रहिवास लागतो, दिल्लीच्या योजनेला पाच वर्षांचा. सुरतेत, हैदराबादेत वा दिल्लीत काम करणाऱ्या आपल्या मराठी साथींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण पोटासाठी गाव सोडलेली बाई दोन्हीकडून सुटते.

२०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' योजना आली. २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, दरमहा १,५०० रुपये. ही योजना निवडणुकीवर डोळा ठेवून आणली हे खरे. पण गरीब बाईच्या हाती पैसा पडला तर आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. आपला आक्षेप दुसरा आहे. निराधार योजनेत आधीच १,५०० घेणाऱ्या विधवेला यातून काही मिळत नाही. म्हणजे जिच्या घरात कमावता पुरुष आहे तिला १,५०० आणि जिच्या घरात तो नाही तिलाही १,५००. एकटीने मुले वाढवण्याचे म्हणून जे जादा ओझे आहे, त्याची किंमत शून्य.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेत ओळख पटवण्याची नवी प्रक्रिया आली. तीत लाभार्थी स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवांनी काय करावे, घटस्फोटितांनी काय करावे, असा गिल्ला झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असे सांगण्यात आले. टाकलेल्या बाईची अडचण यातून सुटली नाही. तिच्याजवळ ना मृत्यूचा दाखला, ना निकाल. नवऱ्याचे आधार कार्ड नवऱ्याच्या खिशात. ज्याने घराबाहेर काढले त्याच्याचकडे जाऊन, "तुझ्या मोबाईलवर आलेला आकडा सांग" अशी विनवणी करायची! त्याने तिचे पैसे मागितले नाहीत तर नवलच.

हा पुरुषाचा रकाना आपल्याच देशात आहे असे समजू नका. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने बापाचा आधार नसलेल्या मुलांसाठी अनुदान सुरू केले. पुढे तेथील अनेक राज्यांत बाईच्या घरी पुरुष येतो-जातो काय हे पाहायला निरीक्षक रात्री-अपरात्री दारे ठोठावत, आणि कोणी सापडला की अनुदान बंद होई. अलाबामा राज्याच्या एका खटल्यात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली. मूळ योजनाच १९९६ मध्ये गुंडाळली गेली. सोव्हिएत युनियनचा अनुभवही प्रांजळपणे पाहिला पाहिजे. युद्ध चालू असताना, ८ जुलै १९४४ च्या हुकमाने तेथे अविवाहित मातेला एका मुलासाठी दरमहा १००, दोन मुलांसाठी १५० आणि तीन वा अधिक मुलांसाठी २०० रूबल, मूल १२ वर्षांचे होईपर्यंत, सरकारी तिजोरीतून देण्याचे ठरले. हे मोठेच पाऊल होते. पण त्याच हुकमाने बापावर पितृत्वाचा दावा लावण्याचा तिचा अधिकार काढून घेतला आणि मुलाच्या जन्मदाखल्यात बापाच्या नावाच्या जागी आडवी रेघ आली. ती रेघ मुलांना शाळेत नडत असे. १९६८ च्या कुटुंबविषयक कायद्याने ही स्थिती बरीचशी सुधारली. पैसा दिला म्हणजे प्रश्न मिटला, असे समाजवादी राज्यातही झाले नाही.

आपल्याकडे या बाबतीत काही पुढे सरकले आहे. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला मुलाच्या बापाचे नाव न सांगता पालकत्व मागता येते, असा निर्णय दिला. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी आई किंवा बाप, कोणा एकाचे नाव पुरते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहायचे, असा निर्णय झाला. नाव लिहिले गेले. अनुदानाच्या अर्जात नवऱ्याची चौकशी मात्र चालूच आहे.

परित्यक्तेने परित्यक्ता असल्याचे सिद्ध कसे करावे, या एका प्रश्नावर वेगवेगळ्या राज्यांचे वर्तन पाहणे उद्बोधक आहे. तेलंगणने २०१७ मध्ये एकट्या स्त्रियांसाठी वेगळे निवृत्तिवेतन सुरू केले. नवऱ्यापासून वेगळे राहून एक वर्ष लोटले की ती पात्र. रक्कम २०१९ पासून २,०१६ रुपये आहे. दिल्लीत विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली यांना एकाच योजनेत १८व्या वर्षापासून २,५०० रुपये मिळतात. केरळात डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने १ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन १,६०० वरून २,००० केले. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे आणि सहकारी बँकांची माणसे पैसे घरपोच आणून देतात. २०२३-२४ मध्ये तेथेही हप्ते थकले होते आणि केंद्राने कर्जउभारणीवर घातलेल्या मर्यादेविरुद्ध राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु केरळच्या नियमांत नवरा बेपत्ता असेल तर सात वर्षे थांबावे लागते. सात वर्षांत मूल बालवाडीतून पाचवीत जाते. आणि शेजारच्या तालुक्यात राजरोस राहणारा नवरा बेपत्ता कसा म्हणायचा? ही अट बदलली पाहिजे, असे आपण आपल्या साथींनाही सांगितले पाहिजे. तेलंगणात जे एका वर्षात जमते ते इतरत्र न जमण्याचे कारण नाही.

आता मुलांच्या नावाने असलेल्या योजना. यांविषयी आपल्या कार्यकर्त्यांना सर्वांत कमी माहिती असते, म्हणून थोडे थांबतो. महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. आई-बापांपैकी एकच उरलेल्या मुलासाठीही ती लागू होते. २०२३ मध्ये तिची रक्कम १,१०० वरून दरमहा २,२५० करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये २०२२ पासून प्रायोजकत्वाची तरतूद आहे. आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेली असेल तर मुलासाठी दरमहा ४,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. या मर्यादा निदान माणसाने जगावे अशा आहेत. हे अर्ज तहसील कचेरीत जात नाहीत. ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि बाल कल्याण समितीपुढे जातात. म्हणूनच ते तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या हातात नसतात आणि म्हणूनच त्यांची दवंडीही पिटली जात नाही. आपण ती पिटली पाहिजे.

न्यायालयाची बाजू थोडक्यात सांगते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने १२५वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४वे झाले आहे. पोटगीला पूर्वी ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये गेली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे ठरवून दिले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे शेवटचे वाक्य प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लिहून ठेवावे, असे मला वाटते. कायदा एवढे म्हणतो. तारखेला जाण्यासाठी बुडणाऱ्या रोजाबद्दल मात्र तो काही म्हणत नाही. आणि तहसील कचेरीने "आधी न्यायालयाचा निकाल आणा" म्हणणे म्हणजे भुकेल्या माणसाला "आधी पेरणी कर" म्हणणे होय. अनुदान निकालाची वाट पाहून थांबता कामा नये. ते आधी द्यावे आणि सरकारने मागाहून ते नवऱ्याकडून वसूल करावे, अशी आपली मागणी असली पाहिजे.

शेवटी मजुरीचा प्रश्न. दीड-दोन हजारांत कोणतेही घर चालत नाही, बाईला कामावर जावेच लागते. आणि मूल कोठे ठेवायचे? केंद्राच्या पाळणाघर योजनेला २००६ मध्ये एक नाव होते, २०१७ मध्ये दुसरे झाले, २०२२ मध्ये तिसरे. पाळणाघरे काही त्या प्रमाणात वाढली नाहीत. सोलापूर आणि निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांचे उदाहरण घ्या. विडीवरील उपकरातून त्यांच्यासाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला होता. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत या निधीतून होत असे. तो उपकर मालकाच्या मालावर होता, म्हणून ती खैरात नव्हती, तिच्याच श्रमाचा परतावा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि उपकर संपला. आता ती रक्कम अर्थसंकल्पातील मर्जीची बाब झाली आहे. कामगार म्हणून मिळणारा हक्क काढून घ्यायचा आणि बहीण म्हणून ओवाळणी घालायची, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा चालू वर्षात आपल्या समित्यांनी चार मागण्या धराव्यात. केंद्राच्या निवृत्तिवेतनातील ४० वर्षांची अट काढावी आणि ३०० ची रक्कम किमान वेतनाशी जोडावी. एक वर्ष वेगळी राहणारी स्त्री, ग्रामसभेच्या किंवा वॉर्डातील चौकशीच्या आधारे, परित्यक्ता मानावी. महाराष्ट्रातील २१,००० ची मर्यादा रद्द करून निदान केरळएवढी करावी. कोणत्याही अर्जात पतीचा आधार क्रमांक सक्तीचा नसावा. पहिल्या दोन मागण्यांसाठी इतर राज्यांतील महिला संघटनांशी बोलणी करावी लागतील. तिसरी मुंबईत लढवावी लागेल. चौथी तर उद्याच्या उद्या तहसीलदाराच्या टेबलावर लढवता येते.

जेवणानंतरच्या बैठकीत बाल संगोपन आणि मिशन वात्सल्यचे अर्ज प्रत्यक्ष भरून पाहायचे आहेत. ज्यांच्या शाखेत अशा बायकांची यादी तयार आहे त्यांनी ती बरोबर ठेवावी. मुलाच्या जन्मदाखल्याची आणि शाळेच्या बोनाफाईड दाखल्याची प्रत लागेल. वडिलांचा मृत्यूचा दाखला नसेल तेथे काय जोडायचे, ते आपण एकेक अर्ज समोर घेऊन ठरवू.